तलाव कुठं पळून जातोय

सहा वर्षं मी तिच्या पायांचे बुडबुडे बघत पोहले. दुसरं काही दिसतच नसे. आमच्या लेनमध्ये पुढं ती, तिच्या मागं मी, माझ्या मागं आणखी तिघी. लेनचा नियम साधा असतो. जी वेगानं पोहते ती पुढं. मागच्या मुलीला पुढं जायचं असेल तर ती पुढचीच्या टाचेला बोटं लावते, मग पुढची भिंतीपाशी पोचल्यावर कोपऱ्यात सरकते आणि वाट देते. बोलावं लागत नाही, आणि पाण्यात बोलणार तरी काय? माझ्या टाचेला रोज कुणी ना कुणी बोटं लावायचंच, मी जणू वाट देण्यासाठीच तिकडं जात होते. तिच्या टाचेला मात्र कुणाचं बोट लागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

सर तिला इंजिन म्हणत. देखणं वगैरे पोहायची नाही ती. डावा खांदा जरा वर, मान ताठ, बघणाऱ्याला वाटावं ही कुठंतरी सामान पोचवायला निघालीय. पण पहिल्या हाताला जो वेग तोच शेवटच्या हाताला. आठशे मीटर पोहून वर आली की आम्ही सगळ्या कठड्याला धरून धापा टाकत असायचो आणि ही आपली टोपी काढून केस पिळत विचारायची, "पुढं काय?" मला त्या वेळी तिचा मनापासून राग यायचा. मला सर पिपाणी म्हणत. का, ते एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

घरी ती बेबी. शेंडेफळ म्हणून कौतुकानं ठेवलेलं नाव. कौतुक काही वर्षांनी संपलं, नाव चिकटून राहिलं. तलावापासून दोन रस्ते सोडून एका चार मजली इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचं घर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, घरी पाहुण्यासारखे यायचे आणि आले की झोपायचे. आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईच्या ओळीवर देखरेख करायची. बारा बायकांना दिवसभर ओरडून तिचा आवाज कायमचा बसला होता, त्यामुळं तिनं घरी साधं "पाणी दे" म्हटलं तरी खडसावल्यासारखं वाटायचं. दादा फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा. त्याचं लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. एक खोली दादा-वहिनीची, दुसरी, म्हणजे बैठकीची, आईवडिलांची, आणि इंजिन स्वयंपाकघरात ओट्याखाली गादी टाकून झोपायची. पहाटे उठून निघताना तिला दिवा लावायची चोरी होती. पोहण्याची पिशवी ती अंधारातच भरायची आणि कधीकधी त्यात वहिनीचा टॉवेल यायचा. त्यावरून जे व्हायचं ते मी जिन्यातून ऐकलेलं आहे.

तिची पदकं मात्र बैठकीच्या कपाटात, चांगल्या कपबशांच्या शेजारी लावलेली असत. पाहुणे आले की आई आधी कप काढायची, मग पदकं दाखवायची.

त्या वर्षी निवड चाचणी होती. आठशे मीटरमध्ये पहिल्या दोघी येतील त्यांना दुसऱ्या शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात घेणार होते. राहणं, खाणं, शिक्षण सगळं तिथंच, आणि तिथून बाहेर पडलेल्यांना सरकारी खात्यांत नोकऱ्या लागत. वयाच्या अटीत बसायचं तिचं ते शेवटचं वर्ष. आमच्या तलावावर कुणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की पहिली ती येणार आणि प्रश्न काय तो दुसरीचा. ती केंद्र बघून आली होती. तिथल्या तलावाबद्दल, व्यायामशाळेबद्दल ती फारसं बोललीच नाही. म्हणाली, "खोलीत दोनच पलंग असतात गं. आणि प्रत्येकीला आपला आपला दिवा."

चाचणीच्या दोनएक महिने आधी सरांनी पालकांची बैठक घेतली. बाकड्यांवर आया बसल्या होत्या, दादाही आला होता. सरांनी नेहमीप्रमाणं सगळं समजावून सांगितलं: खाणं, झोप, आणि शेवटी टेपर. म्हणजे शर्यतीच्या आधी दोन-तीन आठवडे सराव हळूहळू कमी करायचा. महिनोन्‌महिने रगडून घेतलेलं शरीर तेवढ्या दिवसांत ताजं होतं आणि वेळ एकदम खाली येते. "शर्यतीआधी विश्रांती मिळाली की पोहणारा उडतो," सर म्हणाले. त्यांनी आधीचं आणि नंतरचंही सांगितलं होतं. पण माणूस बैठकीतून आपल्या सोयीचं तेवढंच घरी नेतो.

पुढच्याच आठवड्यात वहिनीचं बाळंतपण झालं. दिवस भरायच्या आधी, तेही ऑपरेशन करून. मुलगी एवढीशी, हातात घ्यायला भीती वाटावी अशी. वहिनीला उठता येईना, बाळाला दर दोन तासांनी बघावं लागे. वहिनीची आई आधीच वारलेली. कारखान्यात मोठी मागणी आलेली, आईला रजा मिळेना. वडील रस्त्यावर. आणि दादा? दादाचं काय विचारता! दादाला कुणी विचारलंच नाही. त्याची चूक म्हणून सांगत नाही, विचारलं असतं तर कदाचित राहिलाही असता. पण त्या घरात तो प्रश्न कुणाच्या जिभेवर आलाच नाही. सगळ्यांच्या माना आपोआप बेबीकडं वळल्या.

मी त्या संध्याकाळी तिथंच होते, तिची गणिताची वही परत द्यायला आलेले. ती आईला म्हणाली, "आई, निदान सकाळचा तरी सराव करू दे. चाचणी आलीय."

"चार आठवड्यांचा तर प्रश्न आहे," आई म्हणाली. "तलाव कुठं पळून जातोय?"

"चार आठवड्यांत सगळं जातं गं."

"काय जातं? पोहणं काय कुणी विसरतं का? सायकल येते ती येते."

दादानं दारातून सुनावलं, "तुझे सरच म्हणाले ना, विश्रांती मिळाली की वेळ सुधारते? मग घे की. फुकटात मिळतेय."

मी तोंड उघडलं. टेपर म्हणजे सराव बंद करणं नव्हे, पाणी सोडायचं नसतंच, फक्त भार कमी करायचा असतो, असं काहीतरी घडाघडा सांगायला लागले. आईनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुझ्या आईला ठाऊक आहे का तू इथं आहेस ते?" झालं. पिपाणी बंद.

सरांना वाटलं असतं तर ते घरी येऊन भांडले असते. आले नाहीत. "घरातला प्रश्न आहे, मी काय बोलणार," म्हणाले, आणि माझ्याजवळ तिच्यासाठी रबराची लांब नळी पाठवली. खिडकीच्या गजाला मधोमध अडकवायची, दोन टोकं हातात धरायची आणि पाण्यात हात मारतो तशी ओढायची. खांदे तेवढे जागेवर राहतात. तिनं ती स्वयंपाकघराच्या खिडकीला बांधली. दूध तापत असलं की ओढायची, बाटल्या उकळत असल्या की ओढायची. तीन-चार दिवस चाललं. मग गज करकरतात आणि बाळ दचकतं, अशी वहिनीची तक्रार आली. नंतर मी गेले तेव्हा ती नळी या खिडकीपासून त्या दारापर्यंत ताणून बांधलेली होती आणि तिच्यावर बाळाचे लंगोट वाळत होते. इंजिन त्या ओळीखालून वाकून पुढं आली आणि म्हणाली, "उपयोगाला तर आली."

ती दिवसभर त्या घरात उभी असायची. लोकांना वाटतं, घरात राहिलं म्हणजे विश्रांती झाली. तिची झोप तुटलेली, जेवणाची वेळ राहिलेली नाही, आणि अंगाला पाणी लागतं ते फक्त भांडी घासताना. तिच्या तोंडावर मी कधी चिडचिड पाहिली नाही. बाळाला तर ती अशी धरायची की बघत राहावं. तो हात पोहणाऱ्याचाच होता, काय धरलंय ते बोटांना नेमकं कळणारा. मलाच फार संताप यायचा आणि मी तो घरी जाऊन माझ्या आईवर काढायची.

चार आठवड्यांचे पाच झाले, मग ती परत आली. चाचणीला जेमतेम दोन आठवडे उरले होते.

आता नीट ऐका, कारण इथं सगळ्यांची फसगत झाली, आणि ही फसगत पोहणाऱ्यांचीच होते. विश्रांतीनंतर पहिल्यांदा पाण्यात उडी मारली की अंग हलकं लागतं. खांदे मोकळे, दुखणं पळालेलं. पहिले पन्नास मीटर माणूस सुसाट जातो. ताकद एवढ्यात कुठं जात नाही. जातो तो दम, आणि त्याच्याही आधी जाते ती पाण्याची पकड. हात पाण्यात घातल्यावर पाणी घट्ट लागायला हवं, त्याला धरून अंग पुढं ओढता यायला हवं. सराव सुटला की साबणाच्या हातानं भांडं धरावं तसं होतं, हात फिरतो आणि काही हाताशी येत नाही. पण हे पहिल्या पन्नासात कळत नाही. सरांनी तिला पन्नासच पोहायला लावलं, घड्याळ बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! ताजीतवानी झालीय आमची इंजिन." तीही हसली. कठड्याला धरून माझ्याकडं बघत म्हणाली, "खरंच गं, हलकं वाटतंय. आई म्हणते तसंच झालं बहुतेक." पाच आठवड्यांत तिला एवढी आनंदात मी पाहिली नव्हती.

मग लांब पल्ल्याचा सराव सुरू झाला. नेहमीच्या जागा, पुढं ती, मागं मी. पहिल्या काही फेऱ्या बुडबुडे लांब होते. मग ते जवळ यायला लागले. मला वाटलं, मीच आज बरी पोहतेय. माणूस किती मूर्ख असतो! आणखी दोन फेऱ्या झाल्या आणि माझा हात पुढं पडला तो तिच्या टाचेवर.

मी मुद्दाम लावला नव्हता. मी हात झटकन मागं घेतला, वेग कमी केला, पण लागायचा तो लागला होता. भिंतीपाशी पोचल्यावर ती नियमाप्रमाणं कोपऱ्यात सरकली. भिंतीकडं तोंड करून उभी राहिली आणि मला वाट दिली.

मी थांबले. "अगं चुकून लागला. जा ना तू."

"पुढं हो," ती म्हणाली. "मागच्यांचा खोळंबा होतोय."

मी पुढं झाले. सहा वर्षांत पहिल्यांदाच माझ्यासमोर कुणाचे बुडबुडे नव्हते, फक्त निळ्या फरशा आणि तळाशी काळी रेघ. त्या फेरीत माझ्या चष्म्यात पाणी भरलं होतं, ते बाहेरून आलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागं मुद्दाम संथ पोहले, तर तिनं कपडे बदलायच्या खोलीत मला दरडावलं, "हळू येऊ नकोस. कळतं मला."

सरांनाही एव्हाना कळलं होतं. त्यांनी पाच आठवड्यांची भरपाई दोन आठवड्यांत करायला घेतली. सकाळ-संध्याकाळ तिला असं पिळलं की तिचा डावा खांदा वर जायचाच थांबला. बाकीच्या मुली तेव्हा टेपरवर होत्या, थोडंसं पोहून टॉवेल गुंडाळून गप्पा मारत बसायच्या. ज्या विश्रांतीचं नाव सांगून हिला घरी बसवलं, ती घ्यायची खरी वेळ आली तेव्हा विश्रांती द्यावी असं तिच्या अंगात काही उरलंच नव्हतं.

चाचणीच्या दिवशी तिची आकड्यांची पाटी मी धरली. आठशे मीटरमध्ये पोहणारीला फेऱ्यांची गणती राहत नाही, म्हणून पलीकडच्या टोकाला तिचं एक माणूस गुडघ्यावर बसतं आणि ती वळायला आली की पुढच्या फेरीचा आकडा पाण्यात बुडवून दाखवतं. शर्यत बघायची ती सगळ्यात वाईट जागा. बाकड्यांवरच्यांना पाठ दिसते, आम्हाला चेहरा दिसतो.

आठ वेळा ती माझ्यासमोर वळली. पहिल्या तीन वळणांना ती सगळ्यांच्या पुढं होती, बाकड्यांवरून दादाची शिट्टी ऐकू येत होती. चौथ्या वळणाला तिचं तोंड श्वासासाठी जरा जास्त वेळ उघडं राहिलं. पाचव्याला कंबर खाली गेलेली, पाय ओढले जात होते. शेजारच्या लेनमधली मुलगी तिच्या बरोबरीला आली. ही एका डॉक्टरांची मुलगी, हिनं आमच्या इंजिनला कधी हरवलं नव्हतं. तिला मी दोष देत नाही. ती रोज आली होती, एवढंच. सहाव्याला ती पुढं गेली, सातव्याला आणखी दोघी. मी पाटी इतक्या जोरात हलवत होते की पंचानं मला दटावलं. शेवटच्या वळणाला इंजिननं पाटीकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं. पाण्याखालून, चष्म्यातून, क्षणभर. ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. शेवटच्या शंभरात ती पोहत नव्हतीच, नुसते हात टाकत होती. पाचवी आली.

घरी मी तिच्याबरोबर गेले. आई म्हणाली, "असू दे. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती, हे आईला दहादा सांगून झालं होतं. दादा मात्र खरोखर गोंधळला होता. म्हणाला, "एवढी विश्रांती मिळूनसुद्धा?"

तिनं बाळाला उचललं आणि आत गेली.

पुढं काही वर्षं ती त्यांना समजावत राहिली. जेवताना, भांडी आवरताना, टीव्ही बघताना. सराव सुटला की काय होतं, दम कसा जातो, पकड कशी जाते, जेवढं सोडलं त्याच्या कितीतरी पट दिवस परत यायला कसे लागतात. भांडण म्हणून नाही, शिकवणी घ्यावी तशी. घरात त्याची थट्टा झाली. कुणाच्या हातून कप निसटला तरी दादा म्हणायचा, "गेली पकड, गेली!" सगळे हसायचे, तीही हसायची. मी एकटीच तिथं तोंड पाडून बसलेली असायची, आणि त्यावरूनही हसायचे.

आमच्याच तलावावर तिला शिकवायची नोकरी लागली. उथळ बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात, लहान मुलांना पोटाखाली हात देऊन तरंगायला शिकवायचं. दिवसभर पाण्यात उभी, बोटांची कातडी कायम सुरकुतलेली. खोल बाजूला ती जात नसे. लग्न झालं नाही. कुणी कारण विचारलं की म्हणायची, "सुट्टीच मिळाली नाही." वडील गेले, आईची नोकरी संपली, दादानं स्वतःचं दुकान काढलं आणि शेजारचंच घर घेतलं. इंजिनची गादी ओट्याखालून बैठकीत आली. प्रगतीच म्हणायची.

आणि ते बाळ पोहायला लागलं. चार वर्षांची असताना आत्यानं तिला पाण्यात घेतली ती बाहेर काढलीच नाही. पोरगी चांगली निघाली, आत्यासारखीच दमाची, वर शैलीही देखणी. आत्याचा एकच हट्ट, की सराव चुकता कामा नये. ताप असेल तर ठीक, बाकी काही ऐकून घेणार नाही. पाहुणे, सहल, परीक्षा, काही नाही. आणि गंमत बघा, दादाला पटलं! वहिनीला पटलं! जे बहिणीच्या वेळी थट्टेचं होतं, ते मुलीच्या वेळी घराचा कायदा झालं. दादा दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला समजावून सांगायचा, "एक आठवडा पाणी सुटलं की पकड जाते, साहेब. परत यायला महिना लागतो." कुठून शिकला, ते सांगायचा नाही.

मी मधली बरीच वर्षं दुसऱ्या गावी होते. परत आले, औषधांच्या दुकानात काम धरलं, आणि पहिलं काम काय केलं तर तिला दुपारी रिकाम्या तलावात खोल बाजूला ढकललं. शब्दशः ढकललं. बाहेर येऊन तिनं मला सणसणीत शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्याआधी येऊन बसली. दोन वर्षं आम्ही दुपारी पोहलो. काही महिन्यांतच माझ्यासमोर पुन्हा तेच बुडबुडे होते. मला इतका आनंद झाला की विचारू नका. तिशी उलटलेल्यांची एक स्पर्धा भरायची, तिच्या आठशे मीटरमध्ये नाव द्यायचं ठरलं. "जिंकायचं नाही काही," ती म्हणाली. "एकदा शेवटचे शंभर नीट पोहायचेत. तेवढंच राहिलंय."

स्पर्धेला दीड महिना होता तेव्हा आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, आणि मग अंथरूण. उठवायला, बसवायला, कूस बदलायला सतत कुणीतरी हवं.

बैठकीत सगळे जमले होते. मीही होते, या वेळी कुणाची वही द्यायला नव्हते आले. दादा म्हणाला, "बेबी, तू रजा काढ. पोरीची निवड चाचणी आलीय. तिची झोप मोडून चालणार नाही, तुझ्या वहिनीचं सगळं लक्ष तिच्या खाण्यापिण्यात. आणि माझा तर उन्हाळा, एसीचा सीझन."

"माझीही स्पर्धा आहे," ती म्हणाली.

दादाला आठवेना. "तुझी? हां, ती. अगं, ती हौसेची. पुढच्या वर्षीही असेलच की."

"दुकानाला कुलूप लाव आणि तू बस," मी म्हणाले. चांगली मोठ्यानं म्हणाले. दादानं माझ्याकडं लहान मुलीकडं बघावं तसं बघितलं. वहिनीनं नजर खाली घातली, तिला बहुतेक लंगोटांची ती ओळ आठवली असावी. इंजिननं रजा काढली.

स्पर्धेच्या आठवड्यात मी तिच्याकडं गेले होते. दुपार टळत आली होती. आई पलंगावर उशांना टेकून बसलेली, इंजिन तिच्या पायाला तेल लावत होती. भाची पोहण्याची पिशवी खांद्याला लावून आली, पण दारातच घुटमळली. चांगली आहे पोरगी, हे सांगायलाच हवं. म्हणाली, "आत्या, आज मी थांबते आज्जीपाशी. तू जाऊन ये पोहून. तुझी पण स्पर्धा आहे ना?"

"आणि तुझा सराव?" आई म्हणाली.

"एका दिवसानं काय होतंय, आज्जी? तलाव कुठं पळून जातोय?"

घरात ऐकलेलं वाक्य होतं, पोरीनं सहज टाकलं. आई उशीवरून उठायलाच बघत होती. त्या बसलेल्या आवाजात कडाडली, "पुन्हा असं बोलायचं नाही! एक दिवस सोडलास की चार दिवस मागं जाशील. अंगातला दम जातो, पाण्याची पकड जाते. जन्माचं नुकसान होतं, ठाऊक आहे? जा, पळ आधी. माझ्याकडं बघायला बेबी आहे."

पोरगी गेली. इंजिनचा हात आईच्या पायावर थांबला होता. आईनं विचारलं, "थांबलीस का?" तसा तो पुन्हा फिरायला लागला.

थोड्या वेळानं ती हात धुवायला स्वयंपाकघरात आली, मी मागून गेले. नळ सोडून ती नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी काय समजून होते, सांगू? यांना कळलं नाही म्हणून झालं ते. पोहण्यातलं यांना काय ठाऊक? कळलं असतं तर मला थांबवलं नसतं. म्हणून तर समजावत बसायची. वाटायचं, एक ना एक दिवस कळेल आणि आई म्हणेल, बेबी, चुकलं गं आमचं."

नळ चालूच होता.

"कळलंय की सगळं. शब्द न् शब्द पाठ आहे तिला." तिनं नळ बंद केला. "पोरीच्या चाचणीला पाटी तू धर. मी सांगितलंय तिला, पिपाणी असेल त्या टोकाला म्हणून."

तिशीपुढच्यांची स्पर्धा शनिवारी सकाळी झाली. मी गेले नाही, कुणाच्या लेनमध्ये कोण नाही ते मला बघायचं नव्हतं. रविवारी भाचीची चाचणी. त्याच टोकाला, त्याच ओल्या फरशीवर मी गुडघे टेकून बसले, आता ते जास्त दुखतात. पोरगी आली की पाटी बुडवायची, गेली की वर काढायची. प्रत्येक वळणाला चेहरा तोच, शांत. कंबर वर, पाय वर. शेवटच्या शंभरात तिनं वेग वाढवला आणि मागचीला बरंच मागं टाकून पहिली आली. दादा बाकड्यावर उभा राहून रडत होता. वहिनी त्याचा शर्ट धरून त्याला खाली ओढत होती.

मी बाहेर येऊन फोन लावला.

"पहिली आली," मी म्हणाले.

"शेवटचे शंभर?"

"चढत्या वेगानं गेले. तुझ्याच दमानं."

मग ती म्हणाली, "जाणारच. एक दिवस चुकू दिला नाही तिचा."

मला खूप काही बोलायचं होतं. तेवढ्यात मागून आईचा तो बसका आवाज आला, "बेबी, कुणाशी बोलतेयस? कूस बदलायचीय मला."

"आले," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.